तरोट्याच्या भाजीत काय आहे?

९ जुलै १९६१, रविवार
मेव्हण्याने मुंबईहून कॉर्नफ्लेक्सचा डबा पाठवला. डब्यावर लोह, प्रथिने, जीवनसत्त्वे, सगळ्यांचे आकडे छापलेले. आमच्या हिच्या तरोट्याच्या भाजीवर काय छापलेले असते? पावसाळा लागला की बांधावरचा पाला खुडायचा, शिजवायचा आणि महिनाभर आम्ही गिळायचा. ठरले. दोन्हींची शास्त्रीय तुलना करून ३० तारखेला यवतमाळच्या आरोग्य प्रदर्शनात भाषण ठोकायचे. आर्णीच्या मास्तरला जिल्हा ओळखेल. चौकात सगळ्यांना सांगूनही टाकले.

१२ जुलै
प्रदर्शनवाल्यांचे पत्र: अवश्य या. आता माघार नाही. यवतमाळचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर विठ्ठलराव दोन्ही नमुने तपासून देणार. दोन डबे मोटारीच्या कंडक्टरकडे, जहीरकडे दिले. भरवशाचा माणूस.

१३ जुलै
फ्लेक्स पोचले. भाजीचा डबा रिकामा परत. जहीर म्हणतो, "माह्यापाशी भाकर होतीच, मास्तर. मीठ जरा कमी होतं, वहिनीले सांगजा." फ्लेक्सना हात का नाही लावला? तर म्हणे, काचेच्या सामानाखालचा भुसा वाटला.

१७ जुलै
आज शाळेचा शिपाई धरमसिंग डबा घेऊन गेला. माळकरी, निर्व्यसनी. डबा रिकामा. मीठ बरोबर होते म्हणाला.

२२ जुलै, सकाळी ११
स्वतः निघालो. वाटेत मोटार बंद. फ्लेक्सचा नाश्ता आर्णीच्या वेशीपर्यंतच टिकला. (हवामानाचा परिणाम.) नमुना चाखणे हे संशोधकाचे कर्तव्य. एक घास घेतला. एका घासावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय.

दुपारी २
समोरून आलेल्या मोटारीने घरी परत. डबा सांडला असे हिला सांगितले. मिशी पुसायची राहिली होती.

२५ जुलै
रिपोर्ट आला. फ्लेक्स: आकडेच आकडे. भाजी: नमुना मिळाला नाही. तक्त्यात रिकामी जागा वाईट दिसते, म्हणून शून्य लिहिले. लोह शून्य. प्रथिने शून्य. तळाशी बारीक अक्षरात 'उपलब्ध माहितीनुसार'. प्रामाणिकपणा सोडायचा नाही.
हिला वाचून दाखवले. म्हणाली, "शून्य खाऊन दोन पोरं वाढली म्हणायची मंग." शास्त्रात भावनेला जागा नसते.

३० जुलै, रविवार, संध्याकाळ
भाषणाला ही सोबत आली. बरोबर भाजीने भरलेला मोठा पितळी गंज आणि टोपलीभर भाकरी. कायले, विचारले, तर म्हणे लोकांना भूक लागते.
तक्ता टांगला. "लोह" म्हणेपर्यंत मंडप भरलेला होता. "शून्य" म्हणालो तेव्हा समोर फक्त अध्यक्ष. तेही झोपलेले. बाकी सगळा जिल्हा बाहेर द्रोण घेऊन रांगेत, सर्वांत पुढे विठ्ठलराव. वाईट वाटले. फार वाईट वाटले. पण भूकही लागली होती, म्हणून रांगेत उभा राहिलो. माझ्यापर्यंत भाजी आली नाही.
पुढच्या वर्षी भाषणाला विमलताईंनाच, म्हणजे आमच्या हिलाच, बोलवायचे, असे तिथल्या तिथे ठरले.
गंज उचलत होतो, तेवढ्यात विठ्ठलरावांनी विचारले, आपण बाईंचे कोण? मी घसा साफ करेपर्यंत हीच म्हणाली, "घरचेच होत जी. गंज उचलाले आलते."