मधली रिकामी जागा

प्रिय धाकट्या,

माझा डावा अंगठा पूर्ववत झाला, असं आज सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं. कागदावर लिहूनही दिलं. तुझ्या आईने तो कागद दोनदा वाचला आणि कित्येक दिवसांनी बसून चहा प्यायली.

घाबरू नकोस. चार महिन्यांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला होता. तुला कळवायचं नाही, अशी शपथ मीच तिला घातली. कोणत्या तोंडाने कळवणार होतो?

बाई म्हणाल्या, बोटं चालवत ठेवा. रबरी चेंडू दाबून दोन दिवसांत कंटाळलो. मग तू मागे टाकून गेलेला खेळ काढला, वरून ठोकळे पडतात तो. ते सरकवायचं काम डाव्या अंगठ्याचंच. तुझी आई म्हणते, चाळीस वर्षं फरश्या बसवून हौस फिटली नाही, आता टीव्हीवरही बसवतोय.

कपाटात या खेळाच्या मांडण्यांची तुझी वही सापडली. पहिल्या फेरीत ठोकळ्यांचे सातही आकार एकेकदाच येतात, म्हणून सुरुवातीची मांडणी आधीच ठरवता येते, हे तिच्यातून कळलं. पण तुझ्या प्रत्येक चित्रात मधोमध एक जागा रिकामी! मी ती बुजवायचो आणि कॉम्प्युटरकडून हरायचो. फरशीवाल्याला फट बघवत नाही रे. तीन आठवडे हेच चाललं. एकदा हात थकला म्हणून जागा तशीच राहिली, तिच्यावर एका बाजूने छज्ज्यासारखा एक ठोकळा आला, आणि इंग्रजी टीच्या आकाराचा ठोकळा त्याखाली गर्रकन फिरून बसला. दोन ओळी एकदम साफ, आणि समोर खेळणाऱ्या कॉम्प्युटरच्या अंगावर ढिगारा! मी असा ओरडलो, की तुझी आई ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, दुसरा झटका.

तेव्हा या खेळाच्या स्पर्धेची तुझी ती निवड फेरी आठवली, तू घरूनच खेळत होतास. वायर सैल झाली म्हणून तू रिमोट ठेवून टेबलाखाली वाकलास. पोराकडून फट राहिली असं वाटून मी रिमोट उचलला आणि काठीसारखा उभा ठोकळा तिच्यात खुपसला. वर तुलाच सुनावलं, की एवढंही जमत नाही का. तू हरलास आणि पंधरा दिवसांत घर सोडलंस. दोन वर्षं मी लोकांना सांगत आलो, पोरगं एका खेळापायी रुसलं.

चूक माझी होती. हे लिहायला अंगठा बरा व्हायची वाट पाहायला नको होती, पण तुझ्यासमोर येऊन खेळता येईल एवढं झाल्याशिवाय लिहवेना. रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतोय. चालेल का, हे विचारायला आई शनिवारी फोन करेल. हो म्हण. दुसरा रिमोट काढून ठेव. पहिले सात ठोकळे मी तुझ्या वहीप्रमाणे लावीन, आणि मधल्या जागेला हात लावणार नाही.

तुझाच,
बाबा