वळणावरचं टेबल

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर मी नुसतं "बरं, बघू" म्हणाले आणि फोन ठेवला, त्याचा तुला राग आला असेल. तू सुट्टी काढून येणार, आईचं घर केलंस तसं माझंही घर मोकळं करून देणार, जुनं सामान नेणाऱ्या माणसाशी बोलूनही ठेवलंयस. इतक्या मायेने हल्ली कोण करतं? पण खरं सांगते, मला भीती वाटते. या घरातलं सामान जागचं हलेल याची भीती. बोलायला गेले की आवाज ठिकाणावर राहत नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, त्याला हसू नकोस. आणि हे दिवसा, खिडकीशी बसून वाच.

आईच्या घरापासून सुरुवात करावी लागेल. आपण त्याला गोदाम म्हणायचो. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला कमरेएवढा वर्तमानपत्रांचा गठ्ठा, त्याला लागून पत्र्याची ट्रंक, मग पाठ मोडलेली खुर्ची, मग शिवणयंत्र, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी रिकाम्या डब्यांची चळत. मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. तू म्हणायचास, आई, इथे पाहुणा हरवला तर पुढच्या वर्षी सापडेल. ती म्हणायची, तुला काय त्रास, तुझ्या डोक्यावर ठेवलंय का? ती मोडकी खुर्ची तू एकदा बाहेर नेऊन टाकलीस, तर जेवायला वाढायच्या आधी तिने ती परत आणायला लावली, आणि नुसती आणून भागलं नाही, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे करत तिच्या मनासारखी ठेवायला लावली. बाबा गेल्यापासून तिचा जीव वस्तूंत अडकलाय, असं आपण एकमेकांना समजावलं.

मग ती छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होती तेव्हा आपण ते घर उपसलं. तुझा उत्साह मला अजून आठवतो. घामाने निथळत होतास आणि शीळ घालत होतास. वर भिंतींना पांढरा रंगही दिलास. कामावर हजर व्हायचं म्हणून आदल्या दिवशी तू गेलास आणि तिला घरी मी एकटीने आणलं. त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तिने मला ते सांगू दिलं नाही.

दुपार होती, खिडक्या उघड्या होत्या, घर लख्ख दिसत होतं. मी मागे पिशव्या घेऊन उभी. तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि डावा हात बाजूला केला, गठ्ठ्यावर ठेवायचा तसा. हात तसाच खाली गेला. तिने तो आणखी लांब केला, बोटं पसरली, हवेतच चाचपडली. मग ती जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "भिंत कुठे गेली गं?"

मला वाटलं टोमणा मारते आहे. मी म्हणाले, भिंत आहे तिथेच आहे, कचरा गेला. ती हळूहळू खाली बसली आणि दोन्ही हात फरशीवर टेकून रांगत पुढे निघाली. आपली आई, धाकट्या. शेजारची बाई ओळख न देता गेली तरी दिवसभर फुरंगटून बसणारी. ती खोलीच्या मध्यापर्यंत गेली आणि मला विचारलं, आता कुठे आहे मी? त्या रात्री तिने सगळं सांगितलं.

तिला समोरचं एवढंसंच दिसायचं, नळीतून पाहावं तसं. समोर बसलं की आपले चेहरे दिसायचे, वर्तमानपत्राचा मथळा वाचता यायचा, म्हणून आपल्याला कधी शंका आली नाही. बाजूचं आणि पायाखालचं सगळं केव्हाच गेलं होतं. कित्येक वर्षं ती त्या घरात हातांनी चालत होती. गठ्ठा, ट्रंक, खुर्ची, यंत्र, डबे. आपण ज्याला पसारा म्हणत होतो तो तिचा रस्ता होता. तिने मला शपथ घातली, धाकट्याला कळू देऊ नकोस, पोराने इतक्या हौसेने केलंय. ती गेली ती छातीच्याच दुखण्याने. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, त्यामुळे भलतंसलतं मनात आणू नकोस. मी तुझ्यावर रागावले असते तर हे पत्र इतकं जड गेलं नसतं. पण शेवटचे महिने ती पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढीच फिरली. तू फोन केलास की म्हणायची, घर कसं छान ऐसपैस झालंय.

आता माझं सांगते. मागच्या महिन्यात आमच्या औषधांच्या दुकानात मालकांनी आतली मांडणी बदलली. मी रजेवर होते. परत आले, नेहमीचे एक आजोबा डोळ्यांचे थेंब मागायला आले, मी आतल्या फडताळावरून बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ताई, मला दात यायचे नाहीत, होते तेवढे पडून झाले. तान्ह्या बाळांना दात येताना देतात ते औषध मी त्यांना दिलं होतं. सगळे हसले, मीही हसले. पण आत जाऊन त्या फडताळासमोर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, मी बाटलीकडे पाहिलंच नव्हतं. डावीकडून दुसरा कप्पा, मागची रांग. हात आपोआप गेला होता. किती दिवस मी तिथे अशी हातांनी काम करत होते, मला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी घरी आले आणि दारातून आत जाणाऱ्या बोळात उभं राहून माझ्याच घराकडे नीट पाहिलं. दाराशी खोकी, पुढे जुनं कपाट, त्याला टेकून बाबांची छत्री आणि आईची ट्रंक, आणि बोळ जिथे वळतो तिथे ते बुटकं टेबल. मागच्या वेळी तू म्हणालास ना, ताई, तुझ्यात आई शिरली. ती खोकी तिथे कधी ठेवली, का ठेवली, मला आठवेना. पण त्यांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं आणि विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का? मी आईचं सांगितलं. माझंही बाजूचं दिसणं जेवढं गेलंय ते परत येत नाही म्हणाले, आणि किती उरेल ते आत्ता सांगता येत नाही. मला रात्री अंधाराचं काही वाटायचं नाही कधी. आता ऊन असतानाच घरभर दिवे लावून ठेवते.

तू ये. सामान काढायलाच ये. पण सगळं एकदम उचलू नकोस. एकेक वस्तू माझ्या हातात दे, मी ती नीट पाहून घेईन, मग जाऊ दे. मला दिसतंय तोवरच मला हे सगळं सोडायचंय. सुताराला सांगितलंय, तो भिंतीला लाकडी कठडा बसवून देणार आहे, खोक्यांऐवजी तो धरून चालायला शिकेन. पण हे पत्र तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी पुढे विचारलं, भाऊ-बहीण कोणी? आणि मला तुझी मागची खेप आठवली. संध्याकाळी त्या बुटक्या टेबलावर तू धडकलास, गुडघा चोळत माझ्या पसाऱ्याला शिव्या घातल्यास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच धडकलास. आपण दोघंही हसलो होतो. धाकट्या, यायच्या आधी डोळे तपासून घे. उद्याच जा. काही नसेल तर मला हवं तेवढं चिडव. ते टेबल मी आज सकाळी देऊन टाकलं. आता तिथे वळताना माझा हात हवेत जातो, पण तू येशील तेव्हा तुला लागायला नको.

तुझीच,
ताई