सिंकखालची क्लिप

सोमवार, १० नोव्हेंबर

भांडी धुण्याचं मशीन गळतंय. म्हणजे मशीन नव्हे – त्याची घाण पाण्याची नळी सिंकखालच्या पाइपला जोडली आहे, तिथे कुठेतरी. जेमतेम वाटीभर पाणी. मी म्हटलं, सोसायटीच्या प्लंबरला, कल्पेशला बोलावते. कुमार म्हणाला, "मी बघतो."

मे महिन्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून या माणसाने स्वतःच्या शर्टाचं बटणसुद्धा बघितलेलं नाही. उजव्या हाताला पकड नाही. चमचा धरतो, पण चमच्याला ते ठाऊक असतं असं वाटत नाही.

शनिवारपर्यंत कारखान्याला उत्तर द्यायचंय – एक डिसेंबरपासून कामावर येतो की नाही. डॉक्टर हो म्हणालेत. तळोज्याला सत्तावीस वर्षं मेंटेनन्स, सगळा जन्म गॅसच्या लाइनींवर. त्यावर घरात कोणी बोलत नाही. आम्ही गळतीवर बोलतो.

मंगळवार, ११

कुमार फिजिओथेरपीला गेला तेवढ्यात कल्पेशला बोलावलं. चोरून! आयुष्यात चोरून काही केलं तर ते प्लंबरबरोबर.

"आंटी, दोन मिनिट." पांढरी टेप काढली आणि जोडाला अशी गुंडाळली की अपघात विभागात शोभली असती. "आता टेन्शन नाय. उलव्याला तीन टॉवरचं काम आपल्याकडेच आहे."

देव त्या टॉवरांचं भलं करो.

कुमार आला. टॉर्च घेऊन वाकला. "टेप आट्यांवर लावतात. इथे आटे कुठे आहेत?"

मशीन लावलं. गळलं. त्याने टॉर्च विझवला आणि फरशी पुसून घेतली. ओरडला असता तर बरं होतं.

बुधवार, १२

कुमारने काहीही उघडलं नाही. कल्पेशचं बँडेज सोडलं, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची कोरडी पट्टी बांधली, मशीन चालू केलं आणि स्टुलावर बसून राहिला. तास गेला. मी दोनदा खवचटपणे विचारलं, "पूजा किती वाजता आहे?"

पाणी खालच्या वळणावरून ठिबकत होतं. पण भिजली पहिल्यांदा वरची पट्टी, क्लिपजवळची. तिथून पाणी नळीच्या पोटाखालून सरकत खाली येत होतं. "दिसतं तिथे गळत नसतं," म्हणाला. नळीचं टोक चिरलंय. ते कापायचं, नळी पुन्हा चढवायची, क्लिप आवळायची.

वर्तमानपत्रातल्या माझ्या लेखांत मी इतका धीर कधी धरलेला नाही. मी ठिबकताना दिसेल त्यालाच झोडपते.

गुरुवार, १३

आधी परमिट. कारखान्यात त्याशिवाय बोल्टला हात लावत नाहीत म्हणे. वहीच्या पानावर स्वतः लिहिलं, डाव्या हाताने, पहिलीतल्या अक्षरात: कामाचं स्वरूप. वीज कोणी बंद केली. पाणी कोणी बंद केलं. परवानगी देणाऱ्याची सही.

"परवानगी देणार कोण?"

"तू."

लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं. सही केली. बटणाला लाल फीत बांधली, कोणी चुकून लावू नये म्हणून. भामा केर काढायला आली ती तिथेच थांबली. "ताई, बटनाला राखी कोनी बांधली?"

नळीचं टोक डाव्या हाताने कापलं. इंचभरच, पण अगदी सरळ. पुढचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, पाइपवर चढवलं. इथवर झकास. मग क्लिपचा स्क्रू. डाव्या हाताने नळी दाबून धरायची, उजव्याने फिरवायचं. स्क्रू-ड्रायव्हर पडला. पुन्हा पडला. पुन्हा.

मी म्हटलं, "राहू दे ना आता." शब्द वाईट नव्हते, पण ज्या आवाजात म्हटलं तो वाईट होता.

भामाने फडकं खाली ठेवलं. "ताई, तुमी भायेर बसा. तुमचा तोंड बघूनच सुटतंय त्यांच्या हातातून. हितं मी हाय."

माझ्याच स्वयंपाकघरातून मला बाहेर काढलं, आणि मी गेले. परमिटवर त्याने लिहिलं: काम अपूर्ण. भांडी मी घासली.

शुक्रवार, १४

झालं!

सकाळी नव्याने परमिट, नव्याने सही. मग त्याने काल कापलेला नळीचा तुकडा घेतला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीवर चढवला. मूठ जाड झाली, खडबडीत झाली. जी पकड बारीक मुठीला पुरत नव्हती ती जाड मुठीला पुरली. उताणा झोपला, डोकं सिंकखाली. टॉर्च भामाकडे. पाव फेरा. दम. पाव फेरा. भामा मोठ्याने मोजत होती, "ह्यो सातवा, दादा." मी दारात उभी होते, तोंड मिटून. त्याचं श्रेय कोणी देणार नाही.

मशीन लावलं. पट्टी कोरडी. दुसऱ्यांदा लावलं, भांडी नसताना. कोरडीच. बोट फिरवून पाहिलं.

आयुष्यभर मी माणसांतल्या चुका शोधल्या. आज दिवसभर या माणसात एक शोधत होते, सापडली नाही. कोणाला सांगायचं नाही.

कामावर जायचे दोन शर्ट काढून इस्त्री करून ठेवले. विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

शनिवार, १५

कारखान्यातल्या साहेबाला, सत्यजीतला, कुमारनेच फोन केला. "येत नाही. पक्कं."

मी म्हटलं, "अरे, काल जमलं की तुला!"

"जमलं ना. चार दिवसांत." चहा ढवळत होता, डाव्या हाताने. "तिथे गॅसची लाइन सुटली की चार मिनिटं मिळतात. आणि मागे माझ्या भरवशावर बारा जण उभे असतात."