खांद्यावरचा हात

मु. धसई, ता. मुरबाड
दि. ३० एप्रिल २००६

चि. दीपेश यास,
देवजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला. वर नेहमीसारखं श्री लिहिलेलं नाही, कारण आमच्या घरात अजून वर्ष पुरं व्हायचं आहे. तुझ्या पत्रावर होतं. तुला कुणी सांगितलं नसेल. राहू दे.

पाय कसा आहे? आतली सळई काढली का, ते तू लिहिलेलं नाहीस. पाय टेकवायची घाई करू नकोस. आमच्या शाळेचा शिपाई चांगो, त्याने मागे अशीच घाई केली आणि तो अजून लंगडत घंटा द्यायला जातो. किन्हवलीला मामाकडे तुझं बरं चाललं असेल. मामांना माझा नमस्कार सांग.

इकडे आहे तसं आहे. परीक्षा झाल्या, शाळेत निकालपत्रकं लिहिणं चालू आहे. यंदा वालाला दर बरा मिळाला. तुझी हौसाकाकी घरातलं सगळं करते. बोलणं कमी झालंय तिचं.

दुकान चालू आहे. पाटी तीच आहे, एस. डी. ग्राफिक्स. मी शाळा सुटली की जीपने मुरबाडला जातो आणि दिवेलागणीला परत येतो. अक्षदाने तुला हे कळवलं असेलच. तुम्ही दोघांनी तिला कामाला घेतलंत तेव्हा तिला माऊससुद्धा धरता येत नव्हता, असं शेखर सांगायचा. आता ती मला शिकवते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, एवढा घट्ट नका धरू, मरंल तो." मी हसलो नाही म्हणून ती घाबरली. मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

माझं टायपिंग तुला ठाऊकच आहे. जन्मभर शाळेच्या मशीनवर दाखले टंकले. शेखर म्हणायचा, "बाबा, की-बोर्ड हाय तो, दगड नका फोडू." त्यामुळे मराठी अक्षरं लवकर आली, बाकीचं काहीच येत नव्हतं. मशीनवर अक्षर उमटलं की उमटलं. इथे मजकूर उचलून दुसरीकडे ठेवता येतो, लहानमोठा करता येतो, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून मी मध्ये मोकळ्या जागा ठोकत बसायचो. अक्षदा मागून बघायची आणि एक कळ दाबून सगळं सरळ करायची. "शेखरदादा असता तर ओरडला असता," असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

लग्नपत्रिका मी करत नाही. सुरुवातीला एक केली होती. चौकट, वेलबुट्टी, वर गणपती, सगळं नीट बसवलं होतं. मुलाची आजी अंबूबाई प्रूफ बघायला आली. तिने विचारलं, "ह्याच्या घरात वर्ष झालं का?" अक्षदाने नाही म्हणून मान हलवली. म्हातारी म्हणाली, "तुझा हात वाईट नाय रं भाऊ. पन आमच्या नातवाचं शुभकार्य हाय." आणि कागद घडी करून घेऊन गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हापासून मी शाळांच्या प्रश्नपत्रिका करतो, आणि मयताचे कागद. दशक्रियेची पत्रं, फोटोखालच्या ओळी. ते काम लोक माझ्याकडे आपणहून देतात.

या वयात हे का शिकलो, असं तू विचारलंस. सांगतो. शेखर गेला तेव्हा इथे धसईच्या बाजार नाक्यावर मंडळाच्या मुलांनी बॅनर लावला होता. तू हॉस्पिटलात होतास, तुला दिसला नाही. घाईत केलेला होता. कुठल्या तरी हळदीतला फोटो घेऊन चौकटीत बसावा म्हणून आडवा ताणला होता. त्याचं तोंड रुंद झालं होतं, डोळे एकमेकांपासून लांब गेले होते. येणारीजाणारी माणसं वर बघायची आणि हात जोडायची. मला तो माझा मुलगा वाटतच नव्हता. ज्याचा धंदा हा, त्याचा बॅनर असा. आता मला कळतं की शिफ्टची कळ दाबून ओढला असता तर चेहरा ताणला गेला नसता. तेव्हा हे माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच ठरवलं की वर्षाचा बॅनर मी स्वतः करीन. त्याच्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. त्यासाठी शिकलो. दुसरं काही कारण नाही.

फोटो शोधायला बसलो तर एकही नीट मिळेना. दुसऱ्यांचे फोटो नीट करणाऱ्या मुलाचा स्वतःचा धड फोटो नाही. दहावीच्या हॉलतिकिटाचा होता, त्यात तो अगदी पोर दिसतो. शेवटी तुम्ही दुकान उघडलंत त्या दिवशीचा घेतला. तुलाही आठवत असेल. दुकानाच्या दारात तुम्ही दोघं उभे आहात. मुरबाडच्या बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणून दोघांनी शर्ट शिवले होते, निळे, पांढऱ्या बारीक रेघांचे. ते घालून सकाळी घरी पाया पडायला आलात तेव्हा हौसा म्हणाली होती, "अगो बाय, वाजंत्री आले! ताशा कुठं ठेवलाव?" आणि दोघांच्या हातावर दही दिलं होतं. आधी तुझ्या, मग त्याच्या.

त्या फोटोत शेखर सरळ बघतोय. हसतोय, पण दात दिसत नाहीत, तसं त्याचं हसणं. आणि त्याच्या डाव्या खांद्यावर तुझा हात आहे. करंगळीत तांब्याची अंगठी.

मी प्रिंट काढून घरी नेली. हौसाने ती पदराने पुसली, मांडीवर ठेवली, बराच वेळ बघितली. मग म्हणाली,
"आनि ह्यो हात?"
मी म्हटलं, "दुकानाच्या दिवशीचा फोटो आहे तो."
"कंदीचा हाय ते नाय इचारलं मी. हात काढा."
"हाताबरोबर खांदा जाईल गो."
"मंग वरीसभर काय शिकलाव तुमी तिथं?"
 ती उठून चुलीकडे गेली. तिथून म्हणाली, "त्याचा हात माझ्या पोरावर नाय पायजे. एकदा पुरं झाला."

तेराव्याला तू कुबड्यांवर अंगणात आलास आणि ती तुला सगळ्यांसमोर बोलली, "माझा आडवा झाला, नि तू कसा रं उभा?" ते तू पत्रात लिहिलं आहेस. ते तू विसरावंस असं मी म्हणत नाही. विसरता येणारं नाही. त्या संध्याकाळचंही तू पुन्हा लिहिलं आहेस. कल्याणच्या प्रेसमधून छापलेल्या पत्रिका घेऊन येत होतात, रस्त्यात पेंढ्याची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता, समोरच्या जीपचा उजेड तुझ्या डोळ्यांवर आला. दीपेश, मला ते सगळं ठाऊक आहे. पंचनाम्यातही तेच आहे. गाडी तू चालवत होतास आणि तो मागे बसला होता. जाताना तो चालवत होता. कुणी विचारलं की मी हेच सांगतो. पोराचा दोष नाही, माझा त्याच्यावर राग नाही, असंच सांगतो. हौसालाही सांगून पाहिलं. ती ऐकत नाही. सकाळी ती अंथरुणातून उठते, ती तुझ्यावरच्या रागाच्या बळावर, असं मला वाटतं. तो काढून घेतला तर ती उठेल का, मला माहीत नाही.

तू विचारलं आहेस की वर्षश्राद्धाला येऊ का. मागे उभा राहीन, जेवणार नाही, नमस्कार करून जाईन, असं लिहिलं आहेस. तुझ्या काकीचं नाव पुढे करून नको म्हणायचं आणि पत्र संपवायचं, असं मी ठरवलं होतं. वरचं लिहून पत्र बाजूला ठेवलं. पण ते तेवढंच खरं नाही.

काल मी तुझा हात पुसायला बसलो. फोटो मोठा करत गेलो. एवढा मोठा, की नुसते रंगाचे चौकोन दिसतात, माणूस दिसत नाही. आधी अंगठी पुसली. मग बोटं, एकेक. मला वाटलं होतं, आपल्याच्याने होणार नाही. तसं झालं नाही. मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांत मला कशाने बरं वाटलं नव्हतं, ते तेव्हा वाटलं. मी थांबलोच नाही. मागून अक्षदा म्हणाली, "काका, हळू. खांदा पन चाललाय." मी माऊस सोडला. फोटो लहान करून बघितला, तर तुझा हात गेलेला होता आणि शेखरचा खांदा पार गळ्यापर्यंत खाल्ला गेला होता.

तेव्हा मला कळलं की राग हौसाला आहे तसा मलाही आहे. ती तो बोलून दाखवते. मी भल्या माणसासारखा, राग नाही असं लोकांना सांगत फिरतो. तू दारात उभा राहिलास तर मी तुला पाणी देईन, पाय कसा आहे ते विचारीन, आणि सगळा वेळ माझ्या मनात तेच येत राहील जे तिच्या तोंडून आलं. ते तुला दिसेल. तू लहानपणापासून आमच्या घरात वाढलास, तुला दिसल्याशिवाय राहणार नाही.

अक्षदाने फोटो पुन्हा पहिल्यापासून उघडून दिला. हात नीट काढला. पण हाताखाली खांदा असतो असं आपण धरून चालतो, फोटोत तो नसतोच. हात काढला की तिथे भोक राहतं. ते भरायला शिक्क्यासारखं एक साधन आहे, एकीकडचं उचलून दुसरीकडे उमटवायचं. तुला येतंच. मी त्याच्या उजव्या खांद्यावरचं कापड घेऊन पाहिलं. त्या बाजूला पाटीची सावली पडली होती. डावीकडे ते काळं पडायचं, जळल्यासारखं दिसायचं. बाहीवरचं घेतलं तर रेघा आडव्या यायच्या. दुपार तशीच गेली. मी म्हटलं, राहू दे, नुसता चेहरा घेऊ, गोल चौकटीत बसवू.  अक्षदाने पडद्यावर बोट ठेवलं. तुझ्यावर.

तुझ्या अंगावर तेच कापड, तेच ऊन. रेघाही त्याच बाजूला उतरत होत्या.

तिथून घेतलं. हळूहळू, थोडं थोडं. हे मी स्वतः केलं, अक्षदाने हात लावला नाही. बसलं. रेघेला रेघ जुळली. सांधा कुठे आहे, हे मलाही आता शोधून सापडत नाही. मग तुला बाजूने कापून टाकलं आणि मागे साधा पांढरा रंग भरला. हौसाला प्रिंट दाखवली. तिने डाव्या खांद्यावर बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि म्हणाली, "आता माझा एकला हाय." मी हो म्हटलं.

शिकून काही भरून निघेल असं मला वाटलं असावं. तसं काही नाही. चेहरा ताणलेला नाही, अक्षरं सरळ आहेत, काम चांगलं झालंय. संपलं, आणि माझ्याकडे करायला आता काही उरलेलं नाही. अक्षदाचं लग्न ठरतंय, मुलगा बदलापूरचा आहे. ती गेली की दुकान बंद करीन. कॉम्प्युटर तुझाही आहे, कुणाला तरी पाठवून घेऊन जा.

बॅनर परवा कल्याणहून छापून येईल आणि नाक्यावर, पूर्वीच्याच जागी लागेल. वर्षश्राद्ध झाल्यावरही काही दिवस राहील. मुरबाडहून येणारी एसटी तिथे थांबते, बाजाराच्या टोपल्या उतरेपर्यंत थांबतेच. डाव्या बाजूच्या खिडकीशी बस आणि वर बघ. ते कापड तू ओळखशील. तीच गाडी पुढे वळसा घेऊन परत मुरबाडला जाते. तिनेच परत जा.

उतरू नकोस.

शेखरचा बाप,
देवजी