फादर मोरेलला "व्हेरी गुड"

५ नोव्हेंबर १९१२

आजपासून माझ्या गळ्यात हा फादर मोरेल! फ्रान्सचा, लाल दाढीचा, गेल्या आठवड्यात कुठूनशी बदली होऊन आमच्या शाळेत आलेला. मोठ्या फादरांनी बोलावून सांगितलं — मास्तर, याचं इंग्रजी सुधारा. डिसेंबरात इन्स्पेक्टरसाहेब तोंडी परीक्षा घेतील. पास झाला की मॅट्रिकचा वर्ग याला. आणि मला? दुसरीच्या पोरांची बाराखडी! इतकी वर्षं मॅट्रिकला इंग्रजी शिकवलं, त्याचं हे बक्षीस. स्वतःच्याच हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

७ नोव्हेंबर

हा मला म्हणतो, "आय डिमांड यू अ पेन." डिमांड! मी काय याच्या बापाचा नोकर? मग कळलं, यांच्या भाषेत तो शब्द नुसत्या मागण्याला आहे. तोंडावर म्हटलं, "व्हेरी गुड, फादर." आणि फळ्याकडे वळून आपल्या बोलीत — "गाढवा, डिमांड म्हंजे हुकूम सोडनं. मागाले आस्क म्हनते!" जरा बरं वाटलं. तो मान डोलावत लिहीत बसला.

१२ नोव्हेंबर

ठरलं. एकही चूक सुधारायची नाही. पडू दे इन्स्पेक्टरपुढे तोंडघशी!

आज म्हणे पुस्तक "लायब्ररी"तून विकत घेतलं. व्हेरी गुड! पण जीभ गप्प बसेना — "लायब्ररीत काय पुस्तकं इकतेत का रे, बोकडा? बुकशॉप म्हन, बुकशॉप!"

१३ नोव्हेंबर

आज म्हणतो, मोठे फादर "सेन्सिबल" आहेत, कारण त्यांना चटकन रडू येतं. व्हेरी गुड! "सेन्सिबल म्हंजे समजदार. रडक्याले सेन्सिटिव्ह म्हनते, भोपया!" हे गोड हसून म्हटलं. तोही गोड हसला. मूर्ख.

२० नोव्हेंबर

सुमतीला सगळं सांगितलं. बायकोनं शाबासकी द्यावी की नाही? तर भाकरी थापता थापता म्हणते, "शिकवाचं नसंन तं तसं सांगा न त्याले. परमुलखातल्या मानसाले काहून फसवून राहिले?"

रागानं ताटावरून उठलो. मग तासभर भूक सोसली.

२ डिसेंबर

रोज नवी चूक! कुठून आणतो कोण जाणे. माझ्या शिव्या संपत आल्या.

९ डिसेंबर

सत्यानाश! फ्रेंच माणूस जिथे हमखास घसरतो, नेमके तेच शब्द इन्स्पेक्टरनं विचारले. डिमांड नि आस्क, लायब्ररी नि बुकशॉप — पठ्ठ्या एकदाही अडखळला नाही! कोणी शिकवलं याला? मी तर नाही! इन्स्पेक्टरनं वर माझी पाठ थोपटली. मॅट्रिकचा वर्ग गेला. त्या दाढीवाल्याचं तोंडसुद्धा पाहू नये असं वाटतं.

१० डिसेंबर

संध्याकाळी तो दारात. सुमतीला म्हणाला, "बाई, मास्तर घरी हायेत का?" अस्सल आपल्या बोलीत! कन्हान नदीकडच्या खेड्यांत तीन वर्षं काढून आलाय म्हणे.

"मास्तर, इंग्रजीत तुम्ही मले खोटंच सांगत होते. मराठीत मात्र एकबी गोष्ट खोटी नाही सांगतली. अजून बरंच शिकाचं हाये. उद्या येऊ न?"

मी काही बोलायच्या आत सुमती म्हणाली, "या न, भाऊ."

उद्या तो येणार. मी तोंड कोणत्या भाषेत उघडू?