मुद्दाम अडकवलेलं दार

प्रिय कायोदे,

एक दार, चौकट आणि उंबरठ्यासकट. स्वयंपाकघरातलं टेबल आणि चार खुर्च्या, त्यातली एक मुद्दाम डुगडुगणारी. तुझ्या दुसऱ्या नाटकातल्या तीन मुली ज्यांवर बसायच्या, ती लंडनच्या बसच्या वरच्या मजल्यावरची बाकं. चर्चचं कॅलेंडर टांगायची खुंटी. खिळा चालणार नाही, आई खुंटीच वापरते, असं तू बजावलं होतंस. आणि पाठीशी गरम पाण्याची पिशवी अडकवता येईल अशी एक खुर्ची. ती नाटकात नव्हती, तुझी होती.

एवढं मी तुझ्यासाठी माझ्या हातांनी केलं. कुठल्या शाळेत शिकून नाही, हे तुला माहीत आहे, आणि मी सांगायचं थोडंच सोडणार आहे? पुण्यात स्पर्धेच्या नाटकांचं नेपथ्य करता करता, बोटं कापून घेत शिकलो.

बाकी सगळं मोडलं. नाटक बंद झालं की सेट मोडायचा, हे तिकडेही तसंच आणि इकडेही. राहिलं ते दार. त्या दाराबद्दल मला उद्या सकाळी एका माणसाला हो किंवा नाही सांगायचं आहे. तुला विचारल्याशिवाय कसं सांगू? म्हणून लिहायला बसलो.

तो माणूस तुझ्या सिनेमाच्या कंपनीतला. म्युनिकच्या एका थिएटरात ते तुझ्या नावाचं दालन करतायत. तुझे फोटो, तुझे खाडाखोड केलेले कागद, आणि मधोमध काचेच्या पेटीत हे दार. शेजारी पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव. दार मात्र आजपासून कोणी वापरायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, आहे तसं द्यायचं.

कायोदे, मला ती पाटी हवी आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? या देशात रंधा हातात धरायलासुद्धा कागद लागतो. सुनंदाला कार कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलो. ती इंजिनिअर, मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा. तुझं नाटक झालं त्या छोट्या नाट्यगृहाच्या वर्कशॉपमध्ये माझं पद होतं 'आउसहिल्फे', म्हणजे मदतनीस. दार मी करायचं आणि माहितीपत्रकात नाव छापून यायचं वर्कशॉपच्या मास्टरचं. त्याचाही दोष नाही, नियमच तसा.

हे पत्र मराठीत आहे, आणि तुला कोणी वाचून दाखवणार नाही. रागावू नकोस. हे तुझंच तत्त्व आहे. तुझ्या नाटकातली आई पहिल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत योरुबात बोलते आणि मुलं तिला इंग्रजीत उत्तरं देतात. दिग्दर्शक म्हणाला, योरुबा वाक्यांचा जर्मन अनुवाद वर पडद्यावर दाखवू, नाहीतर लोकांना कळणार कसं? तू म्हणालास, "मुलांना जेवढं कळतं, तेवढंच लोकांना कळू दे."

मी मागे शिडीवर होतो. माझी रेवा तेव्हा पंधरा वर्षांची. मी मराठीत बोलायचो आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. शिडीवरून उतरलो आणि ठरवलं, या पोराचं काम नीट करायचं.

मग मी नको इतकं नीट केलं, नाही का? आठवतंय ते पहिलं दार? बिजागरीत तेल, काटकोनात चौकट, बोटाने ढकललं तरी उघडेल असं. तू ते दोनदा उघडलंस, दोनदा लावलंस आणि खाली बसलास.

"अंकल, हे फार चांगलं दार आहे," तू म्हणालास. "हे कोणालाही उघडतं."

मला लागलं ते. मी म्हटलं, दार म्हणजे काय मग, न उघडण्यासाठी असतं? तेव्हा तू मला तुमच्या लंडनच्या घराचं दार समजावून सांगितलंस. सरकारी घर, खचलेली भिंत, खाली उंबऱ्याला घासणारं स्वस्त पोकळ दार. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून ती कंबरेने ढकलणार. बहीण खांद्याने. धाकटा खालच्या कोपऱ्यात लाथ मारणार. आणि थोरला, जो उशिरा यायचा, तो दाराची मूठ दोन्ही हातांनी वर उचलून आवाज न करता उघडणार. आई आत भांडी घासत पाठमोरी उभी असली तरी तिला कळायचं कोण आलं. सगळं नाटक त्या दारावर आणि तू मला ते आता सांगतोयस!

वाईट दार करणं सोपं असतं. रोज संध्याकाळी एकसारखंच वाईट असलेलं दार करून बघावं कोणीतरी. हॉलमध्ये माणसं भरली की लाकूड वेगळं वागतं, हीटिंग सुरू झालं की आणखी वेगळं. शेवटी मी उंबरठ्याखाली पाचर घातली आणि तिला मागून फिरवायचा बोल्ट बसवला. प्रत्येक प्रयोगाआधी मी स्वतः विंगेत वाकून तो बोल्ट जुळवायचो.

घरी सुनंदा म्हणायची, "अहो, आपल्या बाथरूमचं दार तीन महिने अडकतंय. ते कोणत्या नाटकातलं आहे?"

तू आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा तिने तुलाही तेच ऐकवलं. तू बाथरूमला गेलास, दाराला खांदा लावलास आणि बाहेर येऊन म्हणालास, "आंटी, हात लावू नका. उत्तम आहे." मग साबुदाण्याच्या खिचडीचा घास घेऊन थांबलास. "हा कसावा आहे," म्हणालास. नाही म्हटलं, हा साबुदाणा. "हा कसावाच आहे, अंकल, आम्ही याची गारी करून खातो." दुसऱ्या दिवशी मी दुकानात पुडक्यावर वाचलं, साबुदाणा कसाव्याच्या कंदापासूनच करतात. तुझंच बरोबर होतं, पण मी तुला ते कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

नाटकातला थोरला मुलगा चौदाव्या वर्षी हाताबाहेर जातो म्हणून त्याला नायजेरियात इबादानला आजोबांकडे पाठवतात. वळण लावायला. तीन वर्षांनी तो परत येतो तोपर्यंत दार आणखी खचलेलं असतं, हे त्याला माहीत नाही. तो आपली जुनी युक्ती करतो, मूठ वर उचलतो. दार हलत नाही. पुन्हा उचलतो. आत आई थांबते. तो आवाज तिच्या ओळखीचा नाही. आणि जी बाई नाटकभर योरुबा बोलली, ती पहिल्यांदा इंग्रजीत विचारते, "हू इज इट?"

मी दर प्रयोगाला विंगेत उभा असायचो, बोल्ट मीच फिरवलेला असायचा, तरी त्या वाक्याला माझ्या अंगावर काटा यायचा. शेवटी धाकटा आतून येतो, एक लाथ घालतो आणि भावाला घरात घेतो.

पहिल्या प्रयोगाहून आम्ही गाडीने घरी येत होतो. रेवा जर्मनमध्येच म्हणाली, "बाबा, मी फार त्रास दिला तर तू मला खरंच पुण्याला आजीकडे पाठवशील?" आमच्याकडे हे सगळेच बाप उठता-बसता म्हणतात, कायोदे, मीही म्हणायचो. गमतीत. तिला ती गंमत वाटत नव्हती हे मला तुझ्या नाटकाने सांगितलं. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्या दिवसापासून ते वाक्य आमच्या घरातून गेलं.

एका प्रयोगानंतरच्या चर्चेच्या वेळी एका गृहस्थांनी तुला विचारलं होतं, लंडनच्या आफ्रिकन मुलांचं नाटक आणि त्यात टोळ्या नाहीत, मारामारी नाही, असं कसं? तू हसून म्हणालास, "तुम्हाला माझ्याकडून सुरे हवे असतात. माझ्याकडे दार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहत होतो, तुझे हात टेबलाखाली गरम पिशवीवर होते. थंडी वाढली की तुझे सांधे दुखायचे. सिकल सेल आहे हे सांगितलंस, पण किती वाढलं आहे ते सांगितलं नाहीस. का रे? मी काय तुझ्यासाठी खुर्ची तेवढी करायची होती?

तुझी आई लंडनहून आली तो दिवस मला सगळ्यात आवडतो. प्रयोग झाल्यावर ती रंगमंचावर आली, दारासमोर उभी राहिली आणि तुझ्याकडे वळली.

"या लोकांना तू माझं दार दाखवलंस?"

"मम्मी, हे नाटक आहे."

"दुरुस्तीसाठी कौन्सिलला मी किती पत्रं लिहिली. एक माणूस बघायला आला नाही. आणि इथे तिकीट काढून बघतात?"

मग मला म्हणाली, "माझ्या हातांत काहीतरी द्या. मोकळ्या हातांनी मी हे दार कधी उघडलेलं नाही." मी रंगाचे दोन डबे दिले. तिने कंबरेने एक धक्का दिला आणि दार उघडलं. तुझी नटी महिनाभर तालीम करून जे करत होती, ते या बाईने सहज केलं. आत जाऊन डबे खाली ठेवत ती म्हणाली, "खालून अजून थोडं जड होतं." दुसऱ्या दिवशी मी पाचर बदलली.

आणि त्याच नाटकावरचा सिनेमा. स्टुडिओत त्यांनी नवंकोरं दार केलं होतं, फार सुंदर. तुझा फोन आला, "अंकल, दार घेऊन या." मी व्हॅन भाड्याने काढली, दाराला रजया गुंडाळल्या आणि म्युनिकला निघालो. तिथली कलादिग्दर्शक बाई समजुतीने म्हणत होती, घासल्याचा आवाज नंतर टाकता येतो ना. तू म्हणालास, "आवाज नकोय. पोरं कशाशी झगडतायत ते हवंय."

पडद्यावर दार फार थोडा वेळ दिसतं. बहुतेक वेळ कॅमेरा तुझ्या आईच्या, म्हणजे त्या नटीच्या पाठीवर असतो आणि दार नुसतं ऐकू येतं. मी थिएटरात बसून तक्रार करत होतो की दार दाखवलंच नाही. तू अंधारात माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस, "अंकल, ऐका."

तू फेब्रुवारीत गेलास. थंडीतच. मी लंडनला येऊ शकलो नाही. व्हिसाचा अर्ज वेळेत झाला नाही. बसच्या मुलींवरचा सिनेमा राहिला. तिसरं नाटक राहिलं, ज्यात एक भारतीय सुतार असणार होता म्हणे. तो चांगला निघाला असता की विनोदी, एवढं तरी सांगून जायचंस.

आता सध्याचं सांगतो. गावातल्या युवा केंद्रातल्या पोरांनी तुझं नाटक बसवायला घेतलंय. एक मुलगा घानाचा, एक इरिट्रियाचा, दोन तुर्की, आणि बहीण झालीये आमची रेवा. मी दार नेऊन दिलं. परवा तालमीला गेलो तर रेवा खांदा लावायच्या ऐवजी दाराला पाठ टेकून, फोनवर बोलत, मागे मागे रेलत उघडत होती. मी थांबवलं. म्हटलं, संहितेत खांदा लिहिलाय. खांदाच पाहिजे.

ती मराठीत म्हणाली, कायोदे. मराठीत! "बाबा, तो खांदा लंडनच्या बहिणीचा. मी अशीच येते घरी. तुला माहितीये."

मला माहीत होतं. बाथरूमचं दार ती रोज तसंच उघडते. मी आत स्वयंपाकघरात असलो तरी मला कळतं की ही रेवा.

मी विंगेत गेलो, वाकलो आणि तिच्या पाठीला जुळेल असा बोल्ट फिरवला. घानाच्या मुलाने लाथेने खालची फळी थोडी चिरली आहे, ती उद्या चिकटवायची आहे. काचेच्या पेटीतलं दार कोण चिरणार? आणि तिथे 'हू इज इट' कोण विचारणार?

इथपर्यंत लिहून झोपलो. आता सकाळ आहे. त्या माणसाला फोन करून आलोय.

तो चांगला माणूस आहे, वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "मिस्टर दळवी, तुमचं नाव लागलं असतं." मी म्हटलं, लागलंय. त्याला खरं वाटलं नाही, म्हणून ड्रॉवरमधलं आपल्या नाटकाचं जुनं माहितीपत्रक काढून फोनवर वाचून दाखवलं. वर्कशॉपच्या यादीत माझं नाव घालता येत नाही म्हटल्यावर तू ते कुठे घातलंस, ते त्याला माहीत नव्हतं. पात्रांच्या यादीत. आई, बहीण, थोरला, धाकटा, आणि शेवटची ओळ: दार, श्रीकांत दळवी.

तेव्हा ऐक, माझं वचन. हे दार पोरांच्या वापरात राहील. मोडलं तर मी जोडीन. जोडण्यापलीकडे गेलं तर दुसरं करीन, इतकंच वाईट, आणि जो कोणी त्यातून येईल त्याच्या अंगाला जुळवून देईन. रंधा मारून ते गुळगुळीत करायचा मोह मला रोज होतो. करणार नाही.

आठ हजार युरो देत होते, आणि पितळी पाटी. नाही म्हणालो.

तुझा,
श्रीकांत अंकल