ब्रिटाला दोन्ही आहे

प्रिय अर्नी,

तुझ्या वकिलाचा फोन येऊन गेला. फार गोड बोलतो माणूस. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, म्हणजे तेवढं तू त्याला सांगितलेलं दिसतंय. मग म्हणाला, गुरुवारी कोर्टात या आणि मुलीची सख्खी आत्या म्हणून चार शब्द सांगा, की ब्रिटा लहानपणी चारचौघींसारखीच होती आणि पुढचं सगळं तिच्या आईनं दवाखान्यांचे उंबरे झिजवून उभं केलंय. मी येते म्हटलं. त्याचा आवाज असा काही खुलला की मला त्याची कीवच आली. तुझा अर्जही त्यानं पाठवला. मी तो ओट्यापाशी उभ्यानं वाचला आणि माझे बटाटे करपले. ब्रिटाचा ताबा तुला हवा. तिची औषधं बंद, डॉक्टर बंद, शाळेत तिच्यासाठी ठेवलेली वेगळी बाई बंद, आणि पोरीनं बेमिजीला तुझ्याकडे राहायचं. कारण काय, तर कॉलीननं पोटच्या एका मुलीला दोन-दोन रोग चिकटवलेत. एकानं भागेना म्हणून दुसरा आणला, असं तुझ्या त्या गोड माणसानं लिहिलंय. जणू कॉलीन सेलमध्ये कोट घ्यायला गेली होती.

दोन नावं कशी आली ते तुला ठाऊक असायला हवं, कारण तू तिथे होतास. म्हणजे खुर्चीत होतास. पहिल्यांदा आपल्या गावच्या हॅल्व्हर्सन डॉक्टरनं बघितलं. तिचं चित्त ठिकाणावर नाही, बुडाला भिंगरी आहे, एक मोजा घालेपर्यंत दुसरा हरवते, म्हणजे हा एडीएचडी. कॉलीननं विचारलं, आणि तिला ऑटिझमही असेल का? तर म्हातारा हसला. म्हणाला, पोरगी माझ्याकडे बघते, भडाभडा बोलते, विनोद करते, हिला कसला ऑटिझम, आणि एक असलं की दुसरं नसतं. त्यांच्या पुस्तकात म्हणे खरंच तसा नियम होता एके काळी. तो नियम कधीचाच गेला, पण म्हाताऱ्यापर्यंत बातमी पोचायची राहिली. मग शाळेतल्या प्रेगलरबाईंनी तपासलं. त्यांनी बघितलं की ब्रिटा रोज एकाच नळावर पाणी पिते, तिथे दुसरं कुणी असलं तर दिवसभर तहानलेली राहते, आणि स्वेटरच्या आतली पट्टी टोचली म्हणून वर्गात स्वेटर फाडते. बाई म्हणाल्या, हा ऑटिझम, हॅल्व्हर्सनांचं चुकलं. दोघंही आपापल्या जागी खूश. पोरगी मधल्यामध्ये.

त्या शाळेतल्या बैठकीला कॉलीननं मला नेलं होतं, आठवतं? पहिलीच्या वर्गात, पोरांच्या छोट्या खुर्च्यांत सगळी मोठी माणसं ढुंगणं अडकवून बसलेली, हातात कॉफी आणि कुणीतरी घरून आणलेल्या लिंबाच्या वड्या. प्रत्येकानं बोलायच्या आधी ब्रिटा किती गोड आहे ते सांगायचं, अशी तिथली रीत. मग गोड पोरीला काय काय मिळणार नाही ते सांगायचं. कॉलीन रडू दाबत होती. आणि तू, तासभर फोनमध्ये डोकं घालून बसलेला तू, एकदाच तोंड उघडलंस. म्हणालास, हिला काही झालेलं नाही, दोन फटके हवेत, मला कुठे कुणी डॉक्टर दाखवले होते, मी झालोच ना धड. मुख्याध्यापकानं वडी उचलली. मी त्या सगळ्यांच्या खाली गेलेल्या माना बघत होते आणि मला लाज वाटली की माझं आडनाव तुझंच आहे.

शेवटी डुलुथच्या त्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा बोलावून, नीट खेळवून, घरी येऊन बघितलं आणि सरळ सांगितलं, दोन्ही आहे. बऱ्याच मुलांत दोन्ही असतं. एकामुळे दुसरं झाकलं जातं, म्हणून बघणाऱ्याला जे आधी दिसतं तेच तो खरं धरतो. औषध सुरू झालं. तेव्हा काय झालं ते तू अर्जात मोठ्या अक्षरांत लिहिलंयस. ब्रिटा एका जागी बसायला लागली, गणितं पुरी करायला लागली, आणि त्याच महिन्यात तिला रोज तेच जेवण, तोच रस्ता, तीच निळी वाटी लागायला लागली. झालं, तुला ब्रह्मज्ञान झालं. औषधानं माझी पोरगी ऑटिस्टिक केली. अरे शहाण्या, रेडिओ बंद केला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. रेडिओ बंद करणाऱ्यानं घड्याळ आणलं असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो? ते घड्याळ ती पाळण्यात असल्यापासून चालू होतं. मी तिला अंघोळ घातलीय, मला माहीत आहे. तुला कुठून असणार, तू तेव्हा गॅरेजमध्ये होतास.

आता फेब्रुवारीतल्या त्या शनिवाराबद्दल. अर्जात तू त्याला 'औषधाच्या दुष्परिणामामुळे घडलेला प्रसंग' म्हटलंयस. वाचून मी खुर्ची ओढून बसले.

ब्रिटा तुझ्याकडे होती. गोठलेल्या तळ्यावर तुझं मासेमारीचं घर, ती बर्फावरून ओढत न्यायची लाकडी खोली, टेकाडासमोर उभं होतं, तिथेच जिथे तू ते नाताळनंतर ओढत नेलं होतंस. मी खिमा-बटाटे भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं टॉवेलात गुंडाळून आले, तेव्हा तू दारातच मला अभिमानानं सांगितलंस की शुक्रवारपासून तिला एकही गोळी दिलेली नाही, खरी ब्रिटा काय आहे ते बघ. मी बघितली. खरी ब्रिटा दर थोड्या वेळानं म्हणत होती, बाबा, नवीन भोक पाड, या भोकाचा कंटाळा आला. तू गिरमिट चालवून बर्फात गळ सोडायला नवीन भोक पाडलंस की ती आधीच्या भोकाकडे बघून रडायची, ते एकटं पडलं म्हणून. तिचं स्टूल मात्र दाराकडे तोंड करूनच हवं, तसूभर हललेलं चालायचं नाही. तू आणि तुझा तो दोस्त हसत होतात. म्हणालात, हिला स्वतःलाच कळत नाही काय हवंय. तिला पक्कं कळत होतं रे. तिला दोन्ही हवं होतं. एका अंगानं सतत नवं आणि दुसऱ्या अंगानं काहीच बदलायला नको, आणि ती दोन्ही अंगं त्या एवढ्याशा लाल जाकिटात. मी तिथे बसून सूप पीत होते आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं माझ्यासमोर चाललं होतं.

मग मी आणि ती किनाऱ्यावरच्या दुकानात चाऱ्याचे छोटे मासे आणायला गेलो. परत आलो तर घर नाही. पलीकडच्या खडकापाशी मासा लागतोय अशी बातमी आली आणि तुम्ही गाडीला जोडून घर ओढून नेलंत. तळ्यावर सगळेच नेतात, निम्मं गाव हिवाळाभर घर घेऊन माशामागे फिरतं, त्यात नवल काही नाही. पण फोन खिशात असून तुला एक फोन करावासा वाटला नाही. का, तर म्हणे गंमत. बर्फात तिची भोकं तेवढी उरली होती, कडेला खुणेसाठी खोचलेल्या फांद्यांसकट, आणि घर होतं तिथे चौकोनी डाग. ब्रिटानं बादली टाकली. ती ओरडलीसुद्धा नाही आधी. त्या चौकोनात गेली, तिचं स्टूल असायचं तिथे उभी राहिली, आणि मग आडवी पडून तिनं हातमोजा काढून खांद्यापर्यंत हात भोकात घातला. मी ओढलं तरी ती हटेना. म्हणत होती, आत्या, इथेच होतं, इथेच होतं.

तू गाडी घेऊन आलास तो हसत आलास. बघितलंस, आणि हसू मावळायच्या आत रागावलास. जाकिटाला धरून उचललंस, ती चावली, तू तिला खाली टाकलंस. म्हणालास, पडू दे, गार लागलं की येईल झक मारत. आणि गेलास. अर्नी, तू गाडी घेऊन खरोखर गेलास. मी माझा कोट तिच्यावर टाकून, माझा हा गुडघा घेऊन तिच्या शेजारी बर्फावर आडवी झाले, आणि शेजारच्या घरातली अनोळखी माणसं बर्फावरची स्लेज-गाडी घेऊन येईपर्यंत तिच्या कानाशी तिला आवडतात ती आगगाड्यांच्या स्टेशनांची नावं म्हणत राहिले. तिची दोन बोटं अजून गार पाण्यात पांढरी पडतात. आणि दवाखान्यात मागाहून येऊन तू नर्सला काय सांगितलंस? नवीन औषध सुरू केलंय ना, त्यानं अशी करते. मी तिथेच होते, पडद्याच्या या बाजूला. तोंड वर करून बोललास. पोटात नसलेल्या गोळीवर खापर फोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि तो माझा भाऊ निघाला.

आणि तू धड झालास म्हणतोस. कुणी सांगितलं तुला? कॉलीननं स्वयंपाकघर पिवळं रंगवलं तेव्हा रंग जुना वाटेपर्यंत गाडीत झोपणारा माणूस धड? अर्धवट सोडलेल्या तीन होड्या अंगणात, आणि नटबोल्टचे पाने मात्र भिंतीवर मापानं लावलेले, एक इकडचा तिकडे झाला तर घर डोक्यावर. ब्रिटासारखाच होतास तू, हुबेहूब. वर्गात गाणी म्हणायचास, दप्तर बसमध्ये विसरायचास, आणि जेवणाच्या टेबलावरची आपली खुर्ची कुणी घेतली की टेबलाखाली जाऊन बसायचास. बाबांनी त्यावर औषध केलं. पंपाच्या खोपटात कोंडायचे, सरळ होईपर्यंत. तू आतून दार वाजवायचास आणि आम्ही जेवत असायचो. तू सरळ झाला नाहीस, तू फक्त दार वाजवायचं बंद केलंस. त्याला तू धड होणं म्हणतोस आणि तेच पोरीला द्यायला निघालास. मला तुझी चीड येते अर्नी, आणि ती येते तेव्हा ते खोपटही डोळ्यांपुढे येतं, म्हणून ती धड पुरी येतही नाही, आणि त्याचीही मला चीड येते.

तर गुरुवारी मी येणार आहे ती कॉलीनसाठी. तुझ्या वकिलाला वाटतंय मी तुमची साक्षीदार, त्याला वाटू दे, पण तू हे तिथे पहिल्यांदा ऐकायला नको म्हणून हे पत्र. अचानक काही बदललं की तुझं काय होतं ते मला माहीत आहे. आईला माहीत होतं, म्हणून ती रोज संध्याकाळी तुझ्या पलंगावर बसून उद्या काय काय होणार ते क्रमानं सांगायची, आणि सांगितलेलं असलं की तू नीट वागायचास. आता मी सांगते. मी तपकिरी कोट घालून येईन. कॉलीनच्या बाजूला, खिडकीकडच्या बाकावर बसेन. तुझा वकील आधी विचारेल, मग तिची वकीलबाई. मी गोळ्यांचं सांगेन, घर हलवल्याचं सांगेन, तू गाडी घेऊन गेलास ते सांगेन. विचारलं तर खोपटाचंही सांगेन, तेव्हा तू खाली बघितलंस तरी चालेल. बहुधा निकाल तुझ्याविरुद्ध जाईल. मग बाहेर लोक असतील, ते बोलतील, तू डाव्या हाताच्या दारानं नीघ, तिथे कुणी नसतं. मी तिथे येऊन उभी राहीन. बोलणार नाही काही.

तुझीच,
सिग्रिड